बारावा दिवस

"आज अकरावा दिवस," केमिस्टने वहीतून वाचलं आणि तो तिथेच थांबला. "वहिनी, एक मिनिट. त्या चक्कीतल्या मुलीला आपण दहाच दिवसांची शिदोरी दिली होती ना?"

रविवारची दुपार. आत लेक नुकतीच झोपली होती. खोलीचं दार मी बोटभर उघडं ठेवलं होतं आणि माझा एक कान त्या फटीत होता. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, तो गुंडाळून येऊ नये म्हणून कोपऱ्यांवर चहाचे चार कप. माझ्यापुढे दोन जाड फायली उभ्या करून केलेला आडोसा. याला आम्ही पडदा म्हणतो. पडद्यामागे माझे फासे, माझी टिपणं आणि लेकीचं अर्धं खाल्लेलं बिस्कीट. टेबलाच्या त्या बाजूला तिघं बसतात आणि बसल्या बसल्या वेगळीच माणसं होतात. माझा नवरा, जो आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतो, तो कुलपं उघडणारा चोर होतो. माझी मावसबहीण, आमची ताई, शाळेत भूगोल शिकवते, ती इथे हवेतून विस्तव काढते. आणि नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र, औषधांच्या दुकानातला अत्यंत सभ्य माणूस, हातात कुऱ्हाड घेऊन दिसेल त्यावर धावून जातो. बाकी सगळं मी. वाट मी, दलदल मी, दलदलीतून वर येणारा हात मी, सराईतली म्हातारी मी. याला गेम मास्टर म्हणतात. केमिस्टने पहिल्याच दिवशी मला सूत्रधार करून टाकलं, ते चिकटलं. आपण काय करायचं ते तिघांनी ठरवायचं, त्यात मी बोट घालायचं नाही. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगणार. मग काय झालं ते मी सांगणार. ताईने घालून दिलेला एकच कायदा आहे: टेबलावर बोललं ते घडलं. मागे घेणं नाही.

"कसले अकरा दिवस?" ताई म्हणाली. "दोन वर्षं होऊन गेली असतील त्या चक्कीला. तेव्हा माझे केस लांब होते."

"आपल्याला दोन वर्षं. तिला अकरा दिवस." केमिस्टने वही फिरवून तिच्यापुढे धरली. दुकानात दिवसभर डब्यांवरच्या तारखा बघणारा माणूस आहे. खेळातल्या प्रत्येक दिवसाची त्याने नोंद ठेवली आहे, लाल पेनाने सूर्योदय, निळ्याने घटना. "हे बघ. पहिला दिवस, चक्की. दुसरा, ओढा. तिसऱ्या दिवशी तू पुलाला आग लावलीस."

"मी नाही, फाशाने लावली."

"सात ते दहा, दलदल. आज अकरावा उजाडला."

त्याचं बरोबर होतं. खेळातला वेळ मी सोडला तरच पुढे जातो. एका लढाईचं एक मिनिट आम्हाला तीन तीन रविवार पुरतं. मध्ये माझं पोट वाढलं, पाय सुजले, लेक झाली, तिचे दात आले. कधी सहा सहा महिने टेबलावर नकाशा आलाच नाही, आणि तेवढे दिवस ही तिघं दलदलीत एक पाय उचलून तशीच उभी राहिली. त्यांचं मला काही वाटलं नाही, ती परत आली की पाय खाली ठेवणारच होती. पण त्यांच्यामागे, नकाशाच्या त्या कडेला, जिथे आता कपाचा गोल डाग पडला आहे, तिथेही वेळ तसाच थांबून राहिला होता आणि त्यात कुणीतरी बसून होतं, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. आलं नव्हतं असं मी म्हणते. मानेवरून कुणीतरी थंड बोट फिरवावं तसं झालं तेव्हा, आणि ते बोट ओळखीचं वाटलं.

"आणि अजून एक आहे," केमिस्ट हळूच म्हणाला. त्याला चूक दाखवायला नेहमीच संकोच वाटतो. "कुलूप बाहेरून आहे."

ते कुलूप आम्हीच लावलं होतं. त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. गावात माणूस उरलं नव्हतं, रानात काहीतरी फिरत होतं, आणि पवनचक्कीच्या माळ्यावर पिठाच्या पोत्यांमागे सहा-सात वर्षांची एक मुलगी सापडली होती. दलदलीत तिला नेणं शक्य नव्हतं. तेव्हा शिदोरी ठेवली, पाण्याचं पिंप भरलं, आणि माझा नवरा म्हणाला, "मी दाराला असं कुलूप करतो की कुणाच्या बापाला उघडणार नाही." त्याने फासा टाकला. वीस पडला. विसाच्या वर काही नसतं. जे करायचं ते त्याहून चांगलं होऊच शकत नाही, असा त्याचा अर्थ. मीच मग रंगवून रंगवून सांगितलं होतं: जिभा एकमेकींत अडकल्या, लोखंड लोखंडात बसलं, आतून काय बाहेरून काय, हे कुलूप आता जगात कुणाला उघडायचं नाही. आतून काय. हे माझेच शब्द. केमिस्टच्या वहीत निळ्या शाईत आहेत.

"बाई गं," ताई म्हणाली. "कोंडलं की आपण तिला."

मी नवऱ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी याचा विनोद ठरलेला. चोराच्या आवाजात काहीतरी फालतू बोलून तो ताईला हसवतो. तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "परत फिरायचं," तो म्हणाला. "दलदल सोडून सरळ गेलं तर एक दिवस. उद्या पोचू."

"म्हणजे बारावा," केमिस्टने लिहिलं.

आणि आत लेक उठली. ती रडत नाही, आधी एक लांब प्रश्न विचारल्यासारखा सूर काढते. मी नकाशा गुंडाळला. दारात चपला घालताना ताई माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "हे बघ, पोर मेलेली निघाली ना, तर मी उठून जाईन. सांगून ठेवते. मग बस तू तुझ्या फायली घेऊन."

तर आठवडा माझ्याकडे होता. सूत्रधाराला असा आठवडा म्हणजे चैन. बसायचं, ठरवायचं, दोन ओळी खरडायच्या. ती जिवंत असायला काहीच अडचण नव्हती. शिदोरी पुरवून पुरवून खाल्ली असेल, पोत्यांत पीठ होतं, पिंपात पाणी होतं. एखादा वाटसरू मी कुठूनही आणू शकले असते. जग माझंच. पण दर वेळी मी त्या चक्कीपर्यंत जायची आणि दारापाशी थांबायची. आत काय आहे ते ठरवायचं म्हणजे आत बघायला हवं होतं. सोमवारी लेकीला अंघोळ घालताना तिच्या पाठीवरून पाण्याचा ओघळ खाली जाताना बघत होते, आणि मनात आलं, पिंपाला झाकण होतं का? ते कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. बोललं गेलं नव्हतं म्हणजे झाकण होतंही आणि नव्हतंही. लेकीने पाण्यावर थापट मारली. मी तिला टॉवेलात गुंडाळून इतकं घट्ट धरलं की ती चिडली.

ती चक्की मी कधी आधीपासून ठरवलेली नव्हती. त्या रविवारसाठी मी एक बाजार आखला होता, माकडं, तराजू, खोटे हिरे विकणारा एक माणूस. त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी माझे अकरा आठवडे संपले होते. संपले म्हणजे पुरे झाले नाहीत. कामावर असताना पोटात ओढल्यासारखं झालं, मी समोरच्या माणसाची तपासणी पूर्ण केली, कागदावर सही केली, मग उठले. दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. "होतं असं बऱ्याच जणींना," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवून लगेच काढून घेतला, जसा गरम भांड्यावरून काढतात. आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं अजून, आईला नाही, ताईला नाही. त्यामुळे आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. घरी आल्यावर नवऱ्याने चादर धुतली. नळ कितीतरी वेळ चालू होता. मग त्याने खिचडी लावू का विचारलं, मी हो म्हटलं, त्याने लावली, मी खाल्ली. शनिवारी तो म्हणाला, "उद्या त्यांना नको म्हणून कळवू का?" मी म्हटलं, कशाला? येऊ देत. आणि रविवारी पडद्यामागे बसले तर बाजार दिसेना. माकडं दिसेनात. तोंड उघडलं आणि गाव निघालं, रिकामं, आणि रिकाम्या गावात फिरणारी चक्की, आणि माळ्यावर पोत्यांमागे ती. मुलगा की मुलगी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, अकरा आठवड्यांत कोण सांगणार. मुलगी आहे, हे मी त्या दुपारी टेबलावर सांगितलं. बोललं ते घडलं. तिघांनी तिला थोपटलं, खाऊ दिला, आत ठेवलं, कुलूप लावलं, वीस पडला, आणि तिघं पुढे ओढ्याकडे गेली. संध्याकाळी मला हलकं वाटत होतं. पाच महिन्यांनी पुन्हा दिवस राहिले. या वेळी आम्ही सगळ्यांना लवकर सांगितलं, जरा जास्तच लवकर. त्या आधीच्याबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. भांडण नव्हतं, ठरवलेलं नव्हतं. खोलीतलं एखादं सामान असतं ना, जे हलवायचं राहून जातं आणि मग माणसं त्याला वळसा घालून चालायला शिकतात, तसं.

कामावर मी कान तपासते. काचेपलीकडच्या बंद खोलीत माणूस हेडफोन लावून बसतो, मी इकडून एकेक बारीक स्वर सोडते, ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं, माझ्यापुढचा दिवा लागतो. स्वर कमी कमी करत न्यायचा. बुधवारी एक निवृत्त मोजणीदार आले होते, टापटीप, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. मग मी पान उलटायला थांबले. काहीच सोडलं नव्हतं. आणि दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. मी आतल्या माइकवर म्हटलं, "आजोबा, आवाज येईल तेव्हाच दाबा हं."

"आला म्हणूनच दाबलं."

"मी दिलाच नाही अजून."

"तुम्ही नसेल दिला," ते शांतपणे म्हणाले. "मला आला. लांबून आहे. दार वाजवल्यासारखा."

अशी माणसं येतात. आतला नाद असतो कानाचा, त्याला नाव आहे, त्याचा रकाना आहे, मी त्यात खूण केली. पण दिवसभर प्रत्येकाच्या वेळी मी स्वर सोडायच्या आधी जरा थांबत होते, दिवा लागतो का बघत. घरी जाताना रस्ता ओलांडायला उभी होते. हिरवा झाला, माणसं गेली, पुन्हा लाल झाला, मी तिथेच. आपल्यामागे कुणीतरी अगदी सावकाश, हात दुखणार नाही अशा बेताने, लाकडावर थापा मारतंय. घाई नाही, रागही नाही. अकरा दिवसांत माणूस घाई सोडतो.

गुरुवारी मी हार मानली आणि म्हटलं, फाशालाच विचारू. लेक उंच खुर्चीत भात चिवडत होती, मी ओट्यापाशी उभी होते. मनात म्हटलं, दहाच्या वर पडलं तर आहे. टाकला. तो ओट्यावरून घरंगळत लेकीच्या ताटात गेला, आणि तिने तो झटक्यात मुठीत घेऊन तोंडाकडे नेला. मी ओरडले, मूठ उघडली, फासा खेचून घेतला. ती दचकून रडायला लागली, मीही. किती पडलं होतं ते दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही. तिला कडेवर घेऊन फिरताना, तिचे भाताचे हात माझ्या गळ्यात, मला वाटलं ते स्पष्ट सांगते: ती चक्कीतली जगली असती तर ही आली नसती. पाच महिन्यांचंच अंतर आहे, दोघींना जागा नव्हती. मग मी दार उघडायला निघाले आहे ते कुणाच्या जिवावर? लेकीचा श्वास लागलेला, हुंदक्याहुंदक्याला छाती माझ्या छातीवर आपटत होती. मी "आहे, आहे, इथेच आहे" म्हणत होते आणि ते कुणाला म्हणत होते ते मला धड कळत नव्हतं.

नवरा कामावरून आला तेव्हा तिचा चेहरा अजून लाल होता. "काय झालं आमच्या बाईसाहेबांना?"

"काही नाही. फासा गिळत होती."

"चला, आईवर गेली." त्याने तिला घेतलं, हवेत उडवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रविवारचं ठरलं का तुझं?"

"पडद्यामागचं विचारायचं नाही."

"नाही विचारत." त्याने तिच्या केसांतलं भाताचं शीत काढलं. "मी आपलं... बरं. नको." तो हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता. मी उठून दाराशी गेले, तर त्याने नळ बंद केला, आणि मी टॉवेल पुढे केला, जसं काही त्यासाठीच आले होते.

रविवारी मी काहीही न ठरवता पडद्यामागे बसले. ताईने येताना लेकीला टोपी आणली होती, केमिस्टने माझ्यासाठी डोकेदुखीच्या गोळ्या ("वहिनी, मागच्या वेळी चेहरा बरा नव्हता"). लेक झोपली. दार बोटभर. मी तिघांना दलदलीतून काढलं, उजाड शेतांतून आणलं. कुणी वाटेत अडवलं नाही. रानातली जनावरंसुद्धा मला सुचली नाहीत.

"बारावा दिवस," मी म्हटलं. "दुपार कलते आहे. चक्की समोर आहे. पाती थांबली आहेत."

"मी हाक मारते," ताई म्हणाली. "ए बाळा! आम्ही आलोय गं!" ती खरंच ओरडली, मग जीभ चावून आतल्या दाराकडे पाहिलं.

"उत्तर येत नाही."

"मी कुऱ्हाडीने दार..."

"थांब," नवरा म्हणाला. "कुलूप माझं आहे."

"मग टाक फासा," केमिस्ट म्हणाला. "पण वीस पडलेलं कुलूप आहे बाबा. उघडायला परत वीसच लागेल. एकोणीस पण चालायचा नाही."

"मी फासा टाकत नाही." नवऱ्याने हात मांडीवर ठेवले होते. आवाज चोराचा नव्हता, लिफ्टवाल्याचा होता. "माझ्याकडे किल्ली आहे."

केमिस्टने वही मागे मागे चाळली. "किल्ली? तू कधी बोललास किल्ली केली म्हणून? नाही रे. नोंदच नाही."

"नाही बोललो."

"मग नाही ना! टेबलावर बोललं ते..."

"बोललो नाही. पण तेव्हापासून आहे माझ्याकडे." तो माझ्याकडे बघत होता, पडद्यावरून, सरळ. "बोललो नाही म्हणजे नव्हती, असं नाही ना होत."

निर्णय सूत्रधाराचा असतो. कायद्याप्रमाणे मी नाही म्हणायला हवं होतं. माझा हात फाशांवर होता, ते तळहाताला टोचत होते. दोन वर्षं चार महिने हा माणूस माझ्या शेजारी झोपतो, उठतो, डबा घेतो, जिने उतरतो, आणि त्याच्या खिशात ते आहे. मला वाटायचं मी एकटीच उभी आहे त्या दारापाशी. मी दोन्ही फायली आडव्या केल्या. पडद्यामागे काहीच नव्हतं, कोरा कागद होता, तो सगळ्यांना दिसला.

"किल्ली लागते," मी म्हटलं. "कुलूप उघडतं."

"मी दार ढकलतो."

"आत उजेड कमी आहे. पिठाचा वास. पहिल्या पायरीवर ती बसली आहे. उजेड डोळ्यांवर आला म्हणून तिने हात आडवा धरलाय." माझा आवाज कुठून येत होता कुणास ठाऊक. "जिवंत आहे."

ताईने सोडलेला श्वास मोठ्याने ऐकू आला. "मी तिला घेते. उचलूनच घेते. पाणी देते आधी, थोडं थोडं."

"ती तुझ्या खांद्यावर मान ठेवते. हलकी आहे. पण तुला वाटलं होतं त्यापेक्षा जड."

नवरा काही करत नव्हता. त्याचं पात्र तिथे दारात उभं होतं, आणि पात्राने काय करायचं ते मी सांगायचं नसतं. मी सांगितलं नाही. केमिस्टने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, निळं पेन उघडलं आणि तारीख घातली. त्याला अशा वेळी काहीतरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. "बारावा दिवस. मुलगी सापडली. सुखरूप," तो पुटपुटत लिहीत गेला आणि अडला. "वहिनी, आता आपल्याबरोबर येणार म्हणजे हिला पान द्यावं लागेल वहीत. वर नाव काय घालू?"

माझ्याकडे नाव नव्हतं. कधीच नव्हतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं.

नवऱ्याने एक नाव सांगितलं.

अगदी साधं, दोन अक्षरांचं. आमच्या घरात कुणाचं नाही. लेकीच्या वेळी आम्ही कागदभर नावं लिहिली, खोडली, भांडलो, त्यात हे एकदाही आलं नव्हतं. ते त्याने बाजूला ठेवलंय हे तेव्हा मला कळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मी ते ऐकलंच नव्हतं. आता त्याच्या तोंडून ते इतकं सहज आलं, इतकं झिजलेलं, की मनातल्या मनात त्याने ते कितीदा म्हटलं असेल याचा अंदाज मला लागेना.

केमिस्टने पेन टेकवलं, मग वर पाहिलं.

"वेलांटी पहिली की दुसरी?"

"दुसरी," तो लगेच म्हणाला.